धुऱ्यावर टेकलेला गुडघा

गजेंद्रला पोलिसांत नेमबाज म्हणून मान होता. भरतीच्या पोरांना तोच शिकवायचा, की रायफल हातांनी नाही, हाडांनी पेलायची. पोटावर झोपलात तर सगळ्यात पक्कं, बसलात तर त्याखालोखाल, गुडघ्यावर डगमगायची भीती, आणि उभ्याने मारायची हौस सिनेमावाल्यांना सोडून द्या.

चोरखमाऱ्याकडच्या एका गावात वाघाने तीन माणसं खाल्ली. त्याला मारायचा हुकूम निघाला आणि वनखात्याने गजेंद्रलाच मागून घेतलं. गोळी एकच मिळणार होती. जखमी वाघ काय करतो, हे गावाला सांगायची गरज नव्हती.

भर दुपारी वाघ नाल्याकाठी, मारलेल्या गोऱ्ह्यावर परत आला. मध्ये गावातल्याच शालीकरामची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, लोंबीवर आलेलं कमरेएवढं धान. झोपलं तर वाघ दिसेना. खाचराच्या बांधावर, धुऱ्यावर बसायचं, दोन्ही पाय खाली धानात रोवायचे, कोपरं मांड्यांना टेकवायची, की काम फत्ते. शालीकराम आणि त्याची बायको सुशिलाबाई मागे उभी होती. हाकलूनही गेली नव्हती.

गजेंद्र बसलाही. पण बूट लोंब्यांवर येताच थबकला. शेतकऱ्याचंच पोर. खळ्यावर चप्पल घालून गेला म्हणून आईने एकदा थोबाडीत दिली होती. भरल्या धानावर बूट ठेववेना. मूर्खपणाच, पण अंगात मुरलेला. तो उठला आणि अरुंद धुऱ्यावर गुडघा टेकला. खेकड्यांनी पोखरलेली माती घोडा दाबता दाबता खचली.

गोळी मागच्या पायात लागली. वाघ लंगडत झुडपात गडप झाला.

आठवडाभरात त्याच वाघाने शालीकरामला धरलं, बांधीतलं पाणी बघायला गेला असताना.

शालीकरामच्या तेरवीला वनखात्याचे साहेब सगळ्यांना सांगत होते, अंतर फार होतं, ऐनवेळी वाघ हलला. गजेंद्र मान खाली घालून ऐकत होता. त्याला लाज वाटत होती, आणि थोडं सुटल्यासारखंही. भिंतीला टेकलेल्या सुशिलाबाईने डोळे वर केले.

"मी पायलं ना, बाबू. तुमी बसले होते, मंग उठले. माह्या धानावर पाय ठेवाले कायले मांगं सरले? धान त दरसाल होते."

 वाघ अजून मोकळाच होता. शालीकरामच्या बांधीत कापणीला जायला कोणी धजेना, आणि ते धान उभ्याउभ्याच झडून गेलं.