मी, नायट्रोजनच्या माथ्यावरची पाकळी

मी एक जुनी लाकडी पाकळी आहे, मित्रांनो. फुलाची नव्हे, रेणूची! सुपीरियर सरोवराकाठच्या एका कॉलेजात रेणूंचे नमुने जोडायचा गोळ्या-काड्यांचा एक संच आहे. गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. आणि मी? इलेक्ट्रॉनची अशी जोडी, जिच्या टोकाला एकही अणू नाही.

मेपलच्या लाकडातून मला कातलं, तेव्हा माझा काय थाट होता! रसायनशास्त्र शिकवणाऱ्या होल्मग्रेन मॅडम मला उंच धरून सांगायच्या, "जोड्या एकमेकींना दूर रेटतात. जमेल तितक्या लांब सरकून बसतात, त्यावरून रेणूचा आकार ठरतो. हिला विसरलात की मेलात!"

पुढे सगळं संगणकावर दिसू लागलं. कुणी माझ्याने कॉफी ढवळली. मग एका हिवाळ्यात हीटरने वर्ग भट्टीसारखा तापला, तेव्हा वर सरकवायची खिडकी किलकिली राहावी म्हणून मला चौकटीत ठोकलं. बाहेर बर्फ, आत ऊब, मधे मी. कुणाला माझी आठवणही झाली नाही. राग येणार नाही तर काय?

परीक्षेच्या दिवशीही मी तिथेच होते. चिठ्ठी उचलायची, मधला गोळा स्वतः निवडायचा, रेणू जोडायचा आणि आकाराचं कारण सांगायचं, अशी मॅडमची पद्धत. मारलिस किवेला समोर बसली. लाकूड गिरणीच्या कँटीनमध्ये राबून शिकणारी बाई. आधी दोनदा नापास झालेली. आज घसरली की नर्सिंगची जागा गेली.

तिच्या चिठ्ठीत अमोनिया निघाला. एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन.

तिने झटकन तीन भोकांचा गोळा घेतला. तीन हायड्रोजन चहूकडे सारखे पसरले, भाकरीसारखा सपाट रेणू टेबलावर पडला. अगं, थांब! माझा जीव वरखाली होऊ लागला. पण लाकडाला कुठला आवाज!

"झालं?" मॅडमनी घड्याळाकडे बघत विचारलं.

मागे रांगेत बसलेला ड्वेन कुजबुजला, "हो म्हण ना बाई, माझा नंबर यायचाय!"

 मारलिस बोटांवर मोजत पुटपुटू लागली. "नायट्रोजनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच. तीन बंधांत गेले. उरले दोन... दोन गेले कुठे?" तिने मान वर केली. "मॅडम, चुकलं माझं. मोडू का?"

"वेळ तुझा आहे."

तिने सगळं उपसलं, चार भोकांचा गोळा घेतला, हायड्रोजन पुन्हा बसवले. वरचं भोक मोकळं राहिलं. तिने डबा पालथा घातला. मी नाहीच!  तिने टेबलाखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, आणि तिची नजर खिडकीवर गेली.

ती धावलीच. मला खेचलं, तशी खिडकी धाडकन खाली आली. सगळे दचकले. क्षणात मी नायट्रोजनच्या माथ्यावर बसले, आणि खाली तिन्ही हायड्रोजन तिवईच्या पायांसारखे उभे राहिले.

"चार जोड्यांमधे कोन साधारण एकशे साडेनऊ अंशांचा. इथे एकशे सात. का?" मॅडमनी दरडावून विचारलं.

"कारण ही मोकळी आहे, मॅडम. बंधातली जोडी दोन अणू दोन्हीकडून धरून ठेवतात. हिला एकच अणू धरतो, म्हणून ही जास्त पसरते आणि बाकीच्यांना जास्त रेटते."

मॅडमनी वहीत खूण केली. मग म्हणाल्या, "जा. पास. आणि आता हमसू नकोस, पुढच्याची परीक्षा आहे."

मारलिस हमसतच होती. पण आधी तिने मला रुमालाने पुसलं, डब्यात माझ्या खाचेत ठेवलं, आणि मगच दाराकडे गेली.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच विनवणी आहे. हिशोब लावताना ज्याला कुणी धरलेलं नाही, त्यालाही मोजा. तुम्ही मोजलं नाहीत, म्हणून आम्ही रेटायचं थांबत नाही.