कोरडा कापूस

मिठागरात उन्हातान्हात उभं आयुष्य काढलेल्या बापाचे पाय शेवटपर्यंत ठणठणीत राहिले, आणि दोन हजार सालानंतर जिकडेतिकडे टॉवर उठू लागले तेव्हा काशीगावात हार्डवेअरचं दुकान टाकून खुर्चीत बसलेल्या रघूचे पाय मात्र चाळिशीतच मुंग्या येऊन बधिर व्हायला लागले, याला नशीब म्हणायचं नाही तर काय? डॉक्टर म्हणाले, रक्ताला लागणारं एक जीवनसत्त्व तुमच्या अंगी लागतच नाही. इंजेक्शन आता जन्मभर, चुकवलंत तर पाय जातील. सारखं दुकान बंद ठेवणं जमेना, म्हणून दवाखान्यातल्या धाकू कंपाउंडरनं त्याला स्वतःच्या मांडीत सुई टोचायला शिकवलं. सुई आत गेली की औषध सोडण्याआधी दट्ट्या जरा मागं ओढायचा. सिरिंजमध्ये रक्त दिसलं तर सुई शिरेत गेली, ती काढून टाकायची. नाही दिसलं तर बिनघोर औषध सोडायचं.

धाकू पुढं वारला, पण त्याची शिकवण रघूच्या हाताला कायमची चिकटली. दुपारी जेवायला घरी आला की तो लुंगी वर करून पलंगाच्या कडेला बसायचा, आणि त्यानं दट्ट्या ओढला की त्याची बायको शालन स्वयंपाकघरातून विचारायची,

"आलं?"

"न्हाय."

"मग बरं."

या दोन शब्दांवर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. दवाखान्यात नव्यानं आलेल्या सुचेता सिस्टरनं सांगूनही पाहिलं, "काका, मांडीत ओढून बघायची काही गरज नाही. तिथं मोठी शीर नसते. सरळ द्या, दुखेल पण कमी." पण दुधानं तोंड पोळलेलं नसूनही रघू ताक फुंकूनच पीत राहिला.

पावसाळा सरता सरता त्याच्या ध्यानात आलं, की सुई काढल्यावर दाबलेला कापूस पांढराच राहतोय. पूर्वी त्यावर लाल ठिपका हमखास यायचा. आपला हात बसला, असं म्हणून तो स्वतःवर खूश झाला. मग एकदा दाढी करताना गालावर ब्लेड लागलं, चांगली चीर पडली, आणि तुरटीचा खडा हातात घेऊन तो आरशासमोर रक्त यायची वाट बघत राहिला. त्याच संध्याकाळी अंगणात शेजारचा ईश्वर खाडीकडून येणाऱ्या डासांना शिव्या देत पोटऱ्यांवर थापा मारत होता. रघूचे पाय उघडेच होते, आणि त्यांच्याकडे एकही डास फिरकत नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. रघू घाबरला, अगदी आतून घाबरला, आणि शालनला काही न सांगता दवाखान्यात गेला.

सुचेतानं तपासणीसाठी रक्त काढायला घेतलं. डावा हात झाला, उजवा झाला, शेवटी बोट टोचून तिनं ते बराच वेळ दाबलं. मग कापूस टोपलीत टाकून त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "शीर लपते कधी कधी. पाणी पीत जा. परवा या."

"माझं पाय तर जानार न्हाईत ना?"

"मुंग्या येतात अजून?"

तेव्हा कुठं रघूला उमगलं, की मुंग्या कधीच थांबल्या होत्या.

घरी येऊन तो पलंगाच्या कडेला बसला, रिकामी सिरिंज घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम शीर शोधून, कोपराच्या वळणातल्या निळ्या रेषेत सुई घातली. जे दिसू नये म्हणून इतकी वर्षं जीव मुठीत धरला, ते आज थेंबभर तरी दिसावं म्हणून तो गावदेवीला नवस बोलला. दट्ट्या मागं आला. आत काहीच आलं नाही.

शालन मागच्या दारात विळीवर दुधी चिरत बसली होती. आता तिला सांगायलाच हवं म्हणून तो सिरिंज तशीच हातात घेऊन उठला, आणि त्याच्या चाहुलीनं तिनं मान वळवली तोच विळीच्या पात्यावरून तिचं बोट घसरलं. तो कापूस घेऊन धावला. चीर खोल होती, उघडी होती, आणि तिच्या दोन्ही कडा दुधीसारख्या पांढऱ्या होत्या. शालननं बोट जवळ धरून पाहिलं, रोजचं काही पाहावं तसं. मग त्याच्या हातातल्या सिरिंजकडे पाहिलं.

"आलं?" तिनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग बरं," ती म्हणाली, आणि दुधीची पुढची फोड तिनं विळीवर धरली.