अक्षरांवरचा पहारा

नाना घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासत. त्यासाठी धाकट्या लेकीनं, ती प्रोग्रामर, त्यांच्या संगणकावर एक खास खिडकी करून दिली होती. हे काम सुटलं तर नाना खचतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे आई एके सकाळी म्हणाली, "तुझ्या त्या खिडकीत अक्षरं आपोआप मोठी होतात गं. काल ओळीच मावेनात," तेव्हा धाकटी हातातलं काम टाकून संगणकापाशी जाऊन बसली.

"होत असतील," नाना एवढंच म्हणाले.

आधी आपल्याच कोडवर संशय घ्यायचा, ही तिच्या धंद्याची रीत. तिनं सगळा कोड पिंजून काढला, हाती काही लागेना. शेवटी अक्षरांच्या मापावर तिनं लिसनर बसवला, म्हणजे पहारेकरीच. माप बदललं रे बदललं की त्याला वर्दी जाणार, आणि त्यानं ते मुकाट परत नेहमीच्या सोळावर आणायचं. रोग सापडेना तर निदान ताप तरी उतरवू, असला हा उपाय.

तक्रार थांबली. पण नाना खिडकी उघडेनासे झाले.

"कंटाळा आलाय," म्हणाले. नाना आणि कंटाळा! एक छपाईची चूक राहिली तर ज्याला जेवण गोड लागत नसे, तो माणूस हा. धाकटीला हे काही बरं वाटेना. माप कोण बदलतंय तेही पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल, अशी तिनं सोय केली आणि नानांना आग्रहानं खुर्चीत बसवलं.

नानांनी माउस धरून मापाची पट्टी ओढली. अक्षरं फुगली आणि लगेच बारीक झाली. कोपऱ्यात उमटलं: सोळाचे तीस, पट्टीवरून. तीसचे सोळा, लिसनरकडून.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

"नाना, दिसत नाही का तुम्हाला?"

"मोठं असलं की दिसतं." नाना पडद्याकडेच बघत होते. "मला वाटलं, तूच बारीक करतेस. काम थांबवा म्हणून तोंडावर कसं सांगायचं, म्हणून."

तिला रडू आलं. "मीच करत होते, नाना. पण त्यासाठी नाही हो."

तिनं तिथल्या तिथे कोडमधली लिसनरची ओळ पुसली. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, हे नानांनी कुरकुर न करता कबूल केलं. मग तिनं पट्टी त्यांच्याच हातानं ओढू दिली. अक्षरं मोठी झाली आणि तशीच राहिली.

"चारच ओळी मावतायत," ती म्हणाली.

"चार तर चार," नाना म्हणाले आणि वाचायला लागले.