उतरता डोस

लग्नाला जेवढी वर्षं झाली, जवळपास तेवढीच तिच्या नवऱ्याच्या मधुमेहाला झाली होती, आणि तेवढीच वर्षं नणंद एकच पाढा वाचत आली होती. "आमच्याकडे होता तोवर धडधाकट होता माझा भाऊ. हिच्या हातचं खाऊन साखर लागली." आता ह्याला काय म्हणावं! साखर त्यांच्या वडिलांना होती, आजीला होती, खुद्द वन्संना सकाळी उठल्याबरोबर गोळी लागायची. पण खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं, आणि सुनेचं डोकं घरात आयतंच असतं.

नवऱ्याचं चौकात सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि गळ्याला कपडा बांधलेल्या गिऱ्हाइकाला पळून जाता येत नाही म्हणून मालकाच्या गप्पांना अंत नाही. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा माणूस सुईला मात्र घाबरायचा. त्यामुळे इन्सुलिनच्या पेनावर आकडा लावायचा आणि टोचायचं, हे काम पहिल्यापासून तिचं. तो डोळे गच्च मिटून पोट पुढे करायचा.

दिवसाला चाळीस युनिट लागायचे. मग मागच्या वर्षी साखर अधूनमधून एकदम खाली जायला लागली. हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. डॉक्टरांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, असं झालं तर दोन युनिट कमी करा आणि लगेच येऊन दाखवा. तिनं पहिलं ऐकलं, दुसरं सोडून दिलं. बऱ्या होत चाललेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं कशाला? ती दोन-दोन उतरवत गेली. चाळीसचे तीस झाले, तिसाचे अठरा.

मग काय विचारता! सलूनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. "बायकोनं निम्म्याच्या खाली आणलं, बोला!" गिऱ्हाइकांच्या बायका तिला रस्त्यात अडवून विचारायच्या, असं घालता तरी काय खायला? आणि एका लग्नात, सगळ्या गोतावळ्यासमोर, वन्संनी तिचा हात धरला. "माझ्या भावाला हिनं वर काढला हो." खोटं कशाला बोला, तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी आल्यावर ती नळ सोडून मनसोक्त रडली.

त्याचे पाय सुजत होते. दिवसभर उभं राहायचं म्हटल्यावर सुजणारच. तोंडाची चव गेली होती. "तुझ्या पथ्याच्या जेवणाला चव होती कधी?" असं म्हणून तो हसायचा, आणि तीही हसायची.

मग एका सकाळी वस्तरा हातात असतानाच साखर उतरली. समोरच्या मास्तरांच्या कानाखाली चिरलं. मास्तर अर्ध्या फेसानिशी उठले, आणि सलूनचा मालक खाली बसला तो उठेचना. शेजारच्या दुकानदारांनी तोंडात साखर घातली, मग दवाखाना, मग रक्त-लघवीच्या तपासण्या.

"डोस इतका कमी कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्ष होत आलं," ती उत्साहानं म्हणाली. "पथ्य कडक ठेवलंय मी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पथ्यानं नाही हो, बाई. टोचलेलं इन्सुलिन शरीरातून काढून टाकायचं काम किडनीही करते. किडनी खालावली की ते आत रेंगाळतं, म्हणून थोडं पुरतं. यांच्या किडन्यांचं काम फार थोडं उरलंय. पहिल्यांदा कमी झालं तेव्हाच आला असतात, तर जरा सावरता आलं असतं."

नवरा मधेच बोलला. "मी हिला म्हणत होतो, एकदा दाखवून येऊ."

म्हणत होता! दवाखान्याचं नाव काढलं की ज्याला दुकानातली गर्दी आठवायची, तो म्हणत होता! पण डॉक्टरांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं? डॉक्टरांनी डोस आणखी उतरवला आणि पुढे डायलिसिसची तयारी ठेवायला सांगितलं.

घरात पाऊल टाकतात तोच फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

"ताई आहे. तूच सांग. तुझंच कर्तृत्व."

तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला.

"अगं, दवाखान्यात गेला होतात ना?" वन्संचा आवाज खणखणीत होता. "किती सांगितलं आता?"

"बारा."

"काय सांगतेस! अठराचे बारा? बाई बाई, तुझ्या हाताला गुण आहे गं! मी उगीच बोलले तुला इतकी वर्षं."

किडनी हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तो उच्चारला की हे बोलणं पुन्हा या जन्मात कानावर पडायचं नव्हतं. पलंगावरचा माणूस कान टवकारून ऐकत होता.

"तुमचा आशीर्वाद, वन्सं," ती म्हणाली.