शेंडा मोडला त्या हिवाळ्यात

मित्रांनो, ॲटलास पर्वताच्या उतारावर, इत्तोच्या घरामागे उभा असलेला जुना देवदार मी. उतारावरची माती मी मुळांनी धरून ठेवली आहे, आणि उन्हाळ्यात माझ्या सावलीत मेंढ्यांची लोकर कातरतात.

त्या हिवाळ्यात ओला, जड बर्फ पडला आणि पाठोपाठ वादळ सुटले. ज्यांची पाने गळतात ती झाडे वाऱ्याला वाट देतात. आम्हा सदाहरितांच्या अंगावर सगळे ओझे साचते. सकाळी कडाडकन माझा शेंडा मोडला. पण तो खाली आला नाही. सालीच्या एका पट्ट्यावर लोंबकळत राहिला, नेमका घराच्या सपाट मातीच्या धाब्याच्या वर.

आत इत्तोची सून तूदा ओली बाळंतीण होती. बाहेर वाट बर्फाने बुजलेली. तिला आणि तान्ह्याला त्या गारठ्यात न्यायचे तरी कुठे?

इत्तोचा दीर बास्सू कुऱ्हाड घेऊन आला. मला बुंध्यापासूनच तोडायचे, असे त्याचे म्हणणे. इत्तो आडवी आली.

"वहिनी, झाडापायी नातवाचा जीव धोक्यात घालताय?"

"तोडलंत तर ते पडेल कुठं, भाऊजी? घरावरच ना? मोडलंय तेवढंच काढा."

बास्सूने वर पाहिले, कुऱ्हाड ठेवली आणि करवत घेऊन चढला. शेंड्याला दोर बांधला. खालून इत्तो आणि तिचा मुलगा हद्दू, म्हणजे तूदाचा नवरा, तो दोर घरापासून दूर, चढाच्या बाजूला ओढून उभे राहिले. करवत फिरली तशी साल करकरू लागली. मध्येच बास्सूचा पाय घसरला. त्याने माझी एक फांदी धरली. ती वाकली, पण तुटली नाही.

शेंडा सुटला, धाब्याची कड खरवडून मागल्या अंगणात कोसळला. आतून बाळाचे रडणे ऐकू आले, तेव्हा कुठे हद्दूने हातातला दोर सोडला.

पुढे बर्फ झाडायला तो माझ्या वाकलेल्या फांद्या काठीने झोडपणार, तोच इत्तोने त्याला अडवले. "गोठलेली फांदी काचेसारखी तुटते रे. ऊन पडू दे, आपली आपण उठेल."

काही फांद्या उठल्या, काही वाळल्या. जखमेवर राळ साचली. पुढचे दोन उन्हाळे बास्सू येता-जाता म्हणायचा, की हे काही जगत नाही. मग एक आडवी फांदी हळूहळू वर वळू लागली. आज तीच माझा शेंडा आहे.

मित्रांनो, मोडलेले नीट कापा, वाकलेल्याला वेळ द्या. आम्हाला उठायला उशीर लागतो. तेवढ्यात मेलो असे समजू नका.