टॅबचा उजवा कोपरा

घाणीचं प्रज्ञाला वावडं नव्हतं. शिरपूरला स्टँडजवळ मोबाइल-टॅब दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हटलं की कुणाच्या कानातला मळ, कुणाच्या खिशातला गुटखा, सगळंच उकरावं लागतं. पण रतिलाल सरांनी काउंटरवर ठेवलेला टॅब तिने उचलला आणि नाकात वास शिरताच हातभर लांब धरला.

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वाटीच्या तोंडाएवढा पिवळट-तपकिरी डाग पडला होता.

"पाणी सांडलं हिने," सर म्हणाले. ते मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख. मागे उभ्या असलेल्या जमनाकडे त्यांनी मानही वळवली नाही. "तेवढं लिहून द्या, म्हणजे टॅब काढून दुसऱ्या मुलीला देता येईल."

जमना सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, बारावीतली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला अठरा दिवस उरले होते आणि तिचा सगळा अभ्यास त्या टॅबमध्ये होता.

"मी हात धुईसनच धरस," ती पुटपुटली.

"हिना हात देखा ताई!" सरांना रागाच्या भरात घरची बोली फुटली. "घर गयात का मोहफुलं येचतस, न तेच हात काचले लावतस. किळस येस माले."

हे 'हात देखा' प्रज्ञाच्या ओळखीचं होतं. तिची आजी नर्मदाबाई स्वतःच्या हातांवरून हेच टोमणे ऐकत म्हातारी झाली होती. प्रज्ञाला संताप आला, पण तिने टॅब दिव्याखाली ओढला. आधी डाग कशाचा ते पाहायचं होतं.

तिने टॅबमध्येच स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मोबाइलवर पाठवला. त्यात डाग नव्हता. म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरचा नव्हता, खरंच काहीतरी आत गेलं होतं. मग कडा गरम करून तिने काच उचलली. ओल लागली की रंग बदलणारी आतली पट्टी लालभडक झाली होती.

"बघा, पाणी!" सर हरखले.

"ओल आहे, सर. पण पाणी एकदा सांडतं आणि वाट फुटेल तिकडे पळतं. हे थोडंथोडं, रोज, एकाच जागी गेलंय."

तिने भिंग धरलं. कोपऱ्याच्या फटीत चुन्याचे पांढरे कण होते आणि तंबाखूची एक चोथा झालेली काडी. उबेने वास आणखी उठला. तिने रुमाल नाकाला लावला.

"टॅब रात्री कुठे असतो?"

"माझ्या कपाटात. नियमच आहे."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी जरा पेपर वाचतो त्यावर. त्याचं काय?"

प्रज्ञाने दुकानाची वही त्यांच्यापुढे सरकवली. "मागच्या कोऱ्या पानावर तुमचं नाव-नंबर लिहा."

सरांनी गालातली तंबाखू सरकवली, बोट जिभेवर फिरवलं आणि खालचा उजवा कोपरा पकडून पान उलटलं. कागदावर ओलं, तपकिरी बोट उमटलं. सरांनी ते पाहिलं. मग टॅबकडे पाहिलं.

"शी!" प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं. वर्षभर हा माणूस पेपरचं पान उलटताना त्या पोरीच्या टॅबवर थुंकी फासत होता, आणि किळस म्हणे तिच्या हातांची.

तिने पावतीवर ठळक लिहिलं: पाणी नाही. तंबाखूची थुंकी. सकाळी टॅब सरांकडे असतो. खाली सही ठोकली. "याची एक प्रत मी टॅब देणाऱ्या संस्थेला पाठवते. टॅब जमनाकडेच राहील. पडदा जळगावहून यायला चार दिवस लागतील, तोवर डागासकट चालेल."

काच बसवून तिने टॅब परत दिला. सरांनी तो वर न बघताच जमनापुढे धरला. "घे."

जमनाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पहिले पुसी द्या सर," ती म्हणाली. "उष्टं शे ते."

प्रज्ञाने फडकं आणि स्पिरिटची बाटली सरांसमोर ठेवली.