बोटभर अंतर

“पट्टा एवढा आवळू नकोस गं, श्वास अडतोय.”

“अडू दे. मग जाणार नाही तुम्ही.”

मास्तर हसले. बायको हसली नाही. त्यांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्याचा पडदा गेल्या वर्षी चिकटवून घेतला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोक्याला धक्का नको.

बाजारापलीकडे क्योकुशिन कराटेचा वर्ग निघाल्यापासून मास्तरांची निम्मी मुलं तिकडे गेली होती. उरलेल्यांना तिकडची चिडवत, “तुमचे मास्तर हवेला मारतात!” शेवटी दोन्ही शैलींची जाहीर लढत ठरली. नियम तिकडचे.

“त्यांच्यात तोंडावर ठोसा वर्ज्य असतो. उगाच घोर लावून घेतेस.”

“आणि लाथ?”

मास्तर पट्ट्याचं टोक चाचपत राहिले.

सभागृह भरलं होतं. लढतीआधी मास्तर बोलले. बायकोला ते पाठच होतं. कराटे ओकिनावा बेटावरचं. तिथे गावागणिक हात, म्हणजे लढायची पद्धत, निराळा. नाहा गावचा जवळून लढणारा, श्वासावर चालणारा. शुरीचा लांब पल्ल्याचा, चपळ. आपली शोतोकान शैली मुख्यतः शुरीच्या वळणाची. क्योकुशिन पुष्कळ नंतरची, दोन्हींचं घेऊन घडलेली.

“म्हणजे भावंडंच म्हणा की,” मास्तर म्हणाले. लोक हसले. समोरचा तरुण शिक्षकही हसला, वाकून म्हणाला, “सांभाळून घ्या, सर.”

बायकोचे ओठ नामस्मरणात हलत होते.

मास्तरांचा ठोसा तिला नीट दिसलासुद्धा नाही. तरुणाच्या छातीपाशी, बोटभर अंतरावर, मूठ थांबली होती. जन्मभर ती तिथेच थांबत आली होती. शोतोकानच्या रिवाजाने ठोसा न लावता एवढ्यावरच मोजला जातो; मास्तरांच्या लेखी लढत संपली. ते ताठ झाले, हात खाली घेतले आणि पंचाच्या हाकेची वाट पाहू लागले.

पंच गप्प होता. लागलं नव्हतं, म्हणजे तिकडच्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

“अहो, हात!” ती ओरडली.

तोवर लाथ कानशिलावर बसली होती.

“लागलाच नाही हो ठोसा,” तरुण रडवेला होऊन तिला सांगत होता, “मला वाटलं, सर चुकले.”

पडदा पुन्हा चिकटला नाही.

महिन्याभराने मास्तर वर्गात आले. पट्टा स्वतः बांधून. बायको दाराशी थांबली. चार-पाच मुलं रांगेत उभी होती. मास्तर वळले, टाचा जुळवल्या आणि रिकाम्या भिंतीकडे तोंड करून खोल वाकले.

ती रांग अनवाणी, आवाज न करता सरकत त्यांच्यासमोर आली आणि वाकली.